आईला नाकारलेली जागा

जुळे सोलापूर, गुरुवार, सायंकाळ

वैशालीचे बाळ सोमवारी गेले. माहेरच्या गावाहून दवाखान्याकडे येताना, जीपमध्येच. त्याआधी, रक्तदाब वाढत होता म्हणून मी तिला माझ्या प्रसूतिगृहातून सोडायला तयार नव्हते. न्यायला आलेली तिची आई मात्र वळकटी काखेत घेऊनच आली होती. "पहिलं बाळंतपण माहेरीच व्हतंय की, बाई. न्हायतर मी ऱ्हाते हितंच, तिच्या पायापाशी."

नातेवाइकांना मुक्काम नाही, हा नियम माझाच. तो मी सांगितला, आणि ती लेकीला गावी घेऊन गेली. गर्दी, जंतुसंसर्ग, दोन घरांचे वाद. ही कारणे आजही खोडता येत नाहीत. मग निष्कर्ष चुकला कुठे? पहिलटकरणीला आई जवळ हवी असते, हे मी विचारातच घेतले नव्हते. एक वळकटी पसरण्यापुरती जागा... होती.

आज दुपारी त्या आईचा फोन आला. दोष देईल असे वाटले. उत्तर मनाशी जुळवून ठेवले होते. ती एवढेच म्हणाली, "बाई, पोरीला दूध आलंय. छाती दगड झालीया. आता काय करू?"

काय करायचे ते मी क्रमाने सांगितले. "व्हय, व्हय" करीत तिने सारे ऐकले.

"लई उपकार झाले, बाई," म्हणाली.