पाळण्यापुरतं लाकूड

२ फेब्रुवारी १८८९

आजही नाहीच म्हणाला! सातवा महिना संपत आला, आणि गेरहार्टचं आपलं एकच पालुपद — "वीस मार्चला प्रभू येणार. मग पाळणा कशाला, आगाठा?" खिव्याच्या खानाच्या महालाचे दरवाजे करणारा सुतार, आणि पोटच्या पोराला चार फळ्या ठोकून देत नाही! बाळ एप्रिलात यायचंय. मी म्हटलं, "आणि प्रभूला उशीर झाला तर?" तर जेवण टाकून उठला. रश्शात भिजत घातलेला पाव मीच खाल्ला.

१० फेब्रुवारी

वीस मार्च ही तारीख ज्यांनी शोधून काढली, त्या कोर्नेलियुसकाकांचं प्रवचन. त्या शेवटच्या दिवसांत ज्या गरोदर असतील त्यांचे फार हाल होतील, असं शास्त्रात आहे म्हणे. आहे, मलाही माहीत आहे. पण ते वाचताना माझ्या पोटाकडे बघायची काय गरज होती? सगळ्या बाकांनी माना वळवल्या. जसं काही मी मुद्दाम तारीख बघून दिवस राहू दिलेत!

याच काकांच्या शब्दावर नऊ वर्षांपूर्वी आम्ही व्होल्गाकाठची काळी जमीन विकली आणि गाड्या जुंपल्या. पूर्वेला चला, प्रभू तिथेच भेटणार. भेटली ती ही खिव्याची वाळू.

वरून ताजी खबर — काकांना उंच चौथरा हवाय. त्यावर उभे राहून ते आधी वर जाणार. चौथरा करणार कोण? आमचे हे! तुतीचं उत्तम लाकूड आणलंय. दिवसभर रंधा चालू आहे. आता आहे वेळ.

१७ फेब्रुवारी

भांडलो. कडाक्याचं. मी त्याचा रंधाच उचलून अंगणात फेकला. तेव्हा कुठे तोंड उघडलं — "त्या दिवशी ग्रेटे आणि आब्राम भेटतील गं."

ताश्कंदच्या अलीकडे, एकाच आठवड्यात, तापानं गेली दोघं. गाडीच्या फळ्या उपसून त्यानंच पुरायला पेट्या केल्या. त्यानंतर लहान मापाचं काही केलेलं नाही. खेळणं नाही, पाटसुद्धा नाही. हे माझ्या आज लक्षात आलं. नऊ वर्षांनी!

पण माझीही पोरं होती ना ती? मला का नकोत? गेलेल्यांची वाट बघायची म्हणून येणाऱ्याकडे पाठ फिरवायची, हे मला पटत नाही. पटणार नाही. रंधा मात्र उचलून, पुसून ठेवला.

३ मार्च

कुणीही पेरलं नाही. कोर्नेलियुसकाकींनी तर बियाण्याचे गहू दळून पाव भाजले. पलीकडच्या वाडीतली ओयशा आली होती, हिवाळाभर टांगून ठेवलेलं खरबूज घेऊन. हसून हसून बेजार. "तुमचा देव येईल तेव्हा येईल, बाई, पण पोर काही थांबायचं नाही! पाळणा नाही? माझा घेऊन जा. सात पोरं झोपलीत त्यात. फक्त रिकामा हलवू नकोस कधी. वाईट असतं."

गेरहार्टनं उसना पाळणा नको म्हटलं. सुताराच्या घरात शोभत नाही म्हणे!

२० मार्च

उजाडल्यापासून सगळं गाव प्रार्थनाघराच्या अंगणात. पांढरे कपडे, पोटात अन्न नाही. माझा पांढरा झगा पोटावर बसेना, वरून एप्रन बांधला. दुपारपर्यंत पोरं भुकेनं रडायला लागली. काका चौथऱ्यावर, डोळे मिटून. कुणाची तरी शेळी आली आणि त्यांचा अंगरखा चघळू लागली. कुणी हसलं नाही.

गेरहार्ट आभाळाकडे बघत उभा. हात मात्र खाली, पुढे केलेले. पोर धावत येतं तेव्हा धरतात ना, तसे. नऊ वर्षांत ग्रेटे-आब्रामची उंचीही त्यानं वाढू दिली नव्हती. मला बघवेना.

सूर्य मावळला.

२१ मार्च

कुणीच आलं नाही. महिनाभर टोमणे जमवून ठेवले होते. गेरहार्टचं तोंड बघितलं, आणि एकही काढला नाही.

२४ मार्च

हिशेब चुकला म्हणे! काकांनी आज जाहीर केलं. दोन वर्षांचा फरक. १८९१!

गेरहार्ट उठला. सरळ अंगणात गेला, चौथऱ्याच्या फळ्या उचकटू लागला. काका धावले, "अरे, अरे, हे काय करतोस?"

"काका, दोन वर्षं उन्हात लाकूड तडकतं. वेळेवर नवा करून देतो."

मी हसले. पोटात बाळही हललं. घरी येईपर्यंत हसत होते.

१४ एप्रिल

मुलगी! मारिके. तुतीच्या पाळण्यात झोपली आहे. इतका गुळगुळीत पाळणा खानाच्या घरीही नसेल.

२६ मे

गेरहार्ट तिच्याशी दिवसभर बडबडतो. खरबुजं लावलीत, उशिरा का होईना. काकांनी निरोप धाडला, १८९१च्या तयारीला ये. हा म्हणतो, "सांगा त्यांना, तेव्हा आमची मारिके दुडुदुडु पळत असेल. तिच्यामागे धावायला माणूस लागेल ना!" मी एवढी सुखात आहे की लिहायला सवड नाही.

८ जुलै

मारिकेला ताप. अंगावर पीत नाही.

१२ जुलै

गेरहार्टनं पेटी केली. एकट्यानं. मला बघू दिली नाही.

१५ जुलै

तो पाळणा फोडायला निघाला होता. मी धरून ठेवला. सकाळपासून हलवते आहे. ओयशानं येऊन हात धरला, तरी हलवते आहे.

दुपारी कोर्नेलियुसकाकांच्या दारी गेले. म्हटलं, वर्ष कळलं. आता महिना सांगा, आणि तारीख.