कणगीतला फुटबॉल

म्हापसा, गोवा
रविवार, १४ सप्टेंबर २०२५

तीर्थरूप बापूजी आणि आई यांस,
दोघांच्या पायांवर डोकं ठेवून मंजुषाचा नमस्कार. वि. वि.

खुशाली नंतर लिहिते, आधी माझी चूक. २४ ऑगस्टच्या पत्रात मी आमच्या फुटबॉल क्लबच्या जोसिलेनेबद्दल लिहिलं होतं की विसाव्या वर्षी तिचा गुडघा गेला, मग ब्राझीलमध्ये तिला कोणीच खेळायला घेतलं नाही आणि म्हणून ती देश फिरत इथवर आली. हे खरं नाही. तिचा गुडघा गेला होता, एवढंच खरं. खेळ कायमचा सुटला तो तिच्या मोठ्या बहिणीचा, मारिल्दाचा.

चूक कशी झाली तेही सांगते. क्लबच्या पुस्तिकेत प्रत्येक खेळाडूची माहिती लिहायचं काम ऑफिसात माझ्याकडे आहे. जोसिलेनेला इंग्रजी थोडंच येतं. आमच्या खानावळवाल्या बाईंची आई, फिलोमिना मावशी, लहानपणी पोर्तुगीज शाळेत शिकलेली, ती मधे बसून सांगते. त्या दिवशी मावशी मासे साफ करता करता सांगत होती आणि मी वही नेली नव्हती. दोघी बहिणी स्ट्रायकर, म्हणजे गोल करायला सगळ्यात पुढं असतात त्या. दोघींचा उजवाच गुडघा गेला. घरी येऊन लिहिताना माझ्याकडून दोघींची एक झाली.

या वेळी मी वही घेऊन बसले, वर्षावार विचारलं आणि लिहिलेलं मावशीकडून तिला परत ऐकवलं. इतकं तर पासपोर्टवाल्यांनीही विचारलं नव्हतं असं म्हणून ती हसत होती. तिचं गाव ब्राझीलच्या उत्तरेला मारान्याव नावाच्या राज्यात आहे. तिथं धान पिकतो, आपल्यासारखाच. पंधराव्या वर्षी शहराच्या संघानं तिला नेलं. विसाव्या वर्षी गुडघ्यातली शीर तुटली, जी आपल्या चंचलची तुटली तीच. ऑपरेशन झालं, नऊ महिने ती खेळली नाही. त्यानंतर ती तिच्याच देशात पाच वर्षं खेळली, एका वर्षी तर तिच्या संघात सगळ्यात जास्त गोल तिचेच होते. मग तीन वर्षं पोर्तुगाल, एक वर्ष कोरिया (तिथं तिनं पहिल्यांदा बर्फ पाहिला आणि मिठासारखा चाटून पाहिला), आणि आता गोवा. आज ती एकतीस वर्षांची आहे आणि परवाच्या सराव सामन्यात तिनं दोन गोल केले. दोन्ही मी स्वतः मोजले.

बापूजी, चंचलनं मला कळवलं की माझं ते पत्र ऐकून तुम्ही म्हणालात, ब्राझीलसारख्या देशात जुळत नाही ते आपल्या पोरीचं कुठून जुळणार, आणि ऑपरेशनचा विषय बंद केलात. तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही म्हणून आपलं सगळं पत्रावर चालतं. आलेलं पत्र तुम्ही सातबाऱ्याच्या डब्यात ठेवता. त्या डब्यात माझ्या हातचा चुकीचा कागद आहे या विचारानं मला जेवण जात नव्हतं. आता लिहिल्यावर बरं वाटतंय.

चंचल, हे पत्र वाचून दाखवताना एक ओळही गाळू नको. तुझ्याबद्दलची तर मुळीच नाही.

दोघांनी माझ्यावरची माया अशीच राहू द्यावी.

तुमची मंजुषा

—

मु. भिवटोला, ता. चामोर्शी
मंगळवार, २३ सप्टेंबर २०२५

(ताई, बापूजी जसे बोलले तसंच लिहिलं आहे. नीटनेटकं केलं तर तू पुन्हा चूक म्हणशील. — चंचल)

चि. मंजूले बापूजीचा आशीर्वाद.

मी सांगून राह्यलो अन चंचल लिहून राह्यली. तुझी चिठ्ठी भेटली. वाचून दाखोली दोनदा, कारन पयल्यांदा मले इश्वास नाई बसला. एका महिन्यात दोन चिठ्ठ्या, अन दोन्हीत येगयेगळं. आता डब्यात कोनती ठेवू ते तूच सांग. तुझी आई म्हनते का पोरगी शिकली म्हनून चूक कबूल करते, न शिकलेली असती तं बापावानी गप राह्यली असती. 

तुले वाटत असन का आमी चंचलकडं ध्यान देत नाई, तं तसं नाई. डॉक्टरच्या कागदावर काय लिहिलं ते तूच वाचून जुलैत लिहून धाडलं होतं का खेळायचं नाई. आमी त्या दिवसापासून खेळू नाई देल्लं. फुटबॉल मी सोता धान ठेवाच्या कणगीत टाकला अन वरून फळी ठेवली. गल्लीतल्या पोरी बलवाले आल्या तं तुझ्या आईनं त्याइले वाटेलाच लावलं. आराम म्हनजे पुरा आराम. फक्त धानाचा रोवना झाला तेवढे सोळा दिवस तिले धानाच्या बांधीत नेलं, मानसं भेटत नव्हते म्हनून. तो काई खेळ नोहे. वाकून रोवनं म्हनजे बसल्यासारखंच काम. तरी गुडघा काऊन सुजते ते आमाले समजत नाई. म्हनून मले वाटते का हे जुळनारं नाई, अन चिरफाड करून काई फायदा नाई. पोरगी चालते ना, मंग झालं.

ते ब्राझीलवाली बाई भात खाते का? तिच्या गावात धान कोन कापते, मानूस का मशीन? रोवना करते का फेकून पेरते? हे इचारून लिहिजो.

तब्येतीले जपजो. आमचा जीव तुझ्याकडं लागला राह्यते.

तुझा बाप

ताई, खालचं माझं. हे मी वाचून दाखवणार नाही.

ऑगस्टचं पत्र वाचताना जोसिलेनेला कोणी खेळायला घेतलं नाही ती ओळ मला आधीच दिसली होती. गाळता आली असती, बापूजींना कळलंही नसतं. पण तू लिहिलेलं गाळायची सवय नाही, म्हणून वाचली. वाचून झाल्यावर गोठ्यात जाऊन रडले. तू वाईट वाटून घेऊ नको.

मागच्या सोमवारी बोरिंगवरून पाण्याची गुंडी आणताना गुडघा एकाएकी सरकला आणि मी खाली बसले. पाणी सांडलं. आईला पाय घसरला म्हणून सांगितलं. खरं सांगू तर आता मी फुटबॉल मागतच नाही. बांधावरून उतरताना भीती वाटू नये, एवढंच हवं. (हेही पूर्ण खरं नाही. कणगीजवळून जाताना मी फळीला हात लावते.)

तुझीच,
चंचल

—

म्हापसा
गुरुवार, २ ऑक्टोबर २०२५, दसरा

तीर्थरूप बापूजी आणि आई,
सोनं इथूनच तुमच्या पायांवर ठेवते. वि. वि.

तुमचं पत्र मी फिलोमिना मावशीला वाचून दाखवलं आणि तिनं जोसिलेनेला. कणगीत फुटबॉल टाकला इथवर ती हसत होती. सोळा दिवस रोवण्याला नेलं हे ऐकल्यावर तिचं हसू गेलं. तिनं मावशीकडून तेच दोनदा विचारून घेतलं. मग उठून तिनं खानावळीच्या मोरीत पाय रोवल्यासारखा केला आणि तो उपसून दाखवला. चिखल पाऊल धरून ठेवतो, आपण वरून जोर लावतो आणि मधे गुडघा फिरतो. तुटलेल्या शिरेला सगळ्यात वाईट ते हेच. धावण्याइतकंच वाईट, आणि दिवसभर.

तिच्या मारिल्दाचं असंच झालं होतं. डॉक्टरनं चेंडूला हात लावू नको म्हटलं, घरच्यांनी चेंडू बंद केला आणि तिला धानात नेलं. तिच्या घरातही कोणी वाईट नव्हतं. दोन वर्षांनी जोसिलेनेचा गुडघा गेला तेव्हा मात्र तिच्या वडिलांनी तिला चिखलात उतरू दिलं नाही.

बापूजी, यात चूक तुमची नाही, माझी आहे. डॉक्टरच्या कागदावर गुडघ्यावर भार देऊन वळू नये असं इंग्रजीत लिहिलं होतं. घाईत मी खेळायचं नाही एवढंच लिहिलं, कारण माझ्या डोक्यात चंचल म्हणजे खेळणं होतं. घरात इंग्रजी वाचणारी मी एकटी. तुम्ही माझ्या शब्दावर तंतोतंत चाललात आणि माझाच शब्द तोकडा होता. कालपासून डोळ्यांसमोर ती चिखलात वाकलेली येते. म्हणून मी काल नागपूरच्या त्याच डॉक्टरांना फोन करून विचारलं, उत्तरं वहीत लिहिली आणि त्यांना परत वाचून दाखवली. ते म्हणाले, उशीर झाला आहे पण वेळ गेलेली नाही. ऑपरेशन होण्यासारखं आहे. आता चिखल नाही, डोक्यावर गुंडी नाही, वळणं नाही. 

तुमच्या प्रश्नांची उत्तरं. ती भात खाते, दोन्ही वेळ, सोबत काळ्या घेवड्याच्या दाण्यांचा रस्सा. त्यांच्याकडे कोरड्या रानात बी टोचून पेरतात आणि चिखलाच्या भागात हातानं रोवतात. कापणी हातानं, आपल्यासारख्याच विळ्यानं.

आणखी एक गोष्ट, तिनं मुद्दाम तुमच्यासाठी सांगितली. ऑपरेशननंतर चौथ्या महिन्यात पाय बरा वाटू लागला की चेंडू मारायची खुमखुमी येते आणि तिथंच पोरी फसतात. तिचे वडील चेंडू कोठाराच्या आढ्याला टांगून ठेवत आणि चावी कमरेला. डॉक्टरनं हो म्हटलं त्या दिवशी त्यांनी स्वतः तो उतरवला, हवा भरली आणि तिच्या हातात दिला. ती म्हणते, तुमच्या बापूजींनी अर्धं काम आधीच केलं आहे. चेंडू कणगीतच राहू द्या. फक्त फळीवर तुम्ही बसा.

हे ठरवणं तुमच्याकडे आहे. चंचल एकोणीसची झाली, सही ती करू शकते, पण तुमच्या होकाराशिवाय ती पाय उचलणार नाही, हे मला माहीत आहे.

चुकलेल्या लेकीला दूर लोटू नये.

मंजुषा

—

मु. भिवटोला
रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

चि. मंजूले अनेक आशीर्वाद.

चिठ्ठी ऐकली. दुसऱ्या दिवशी सकाळी चप्पल काढून खालच्या बांधीत उतरलो. धान निसवला हाय, बुडात अजून चिखल हाय. पाय रोवला अन उपसून पायला. मंग दुसरा पायला. साठ वर्सं झाले मी असाच चालून राह्यलो, पन गुडघ्याकडं कवा पायलंच नव्हतं. फिरते माय. पुरा फिरते. बांधावर बसलो तं शेजारचे वामनराव इचारू लागले का काई हरवलं काय. मी म्हनलो, सोळा दिवस हरवले.

तू सारा दोष आपल्यावर घेऊन राह्यली, ते बरोबर नाई. कागद तू वाचला, पन पोरगी सांजच्याले लंगडत घरी ये ते आमच्या डोयासमोर होतं. ते वाचाले इंग्रजी नाई लागत.

तं आता असं ठरलं. ऑपरेशन कराचं. मी हो म्हनलो अन चंचलनं हे लिहाले दोन मिनिटं लावले. (बापूजी, तीन मिनिटं. — चं.) येत्या रोवन्याले ती बांधावर बसून आमाले पानी देईन, बांधीत तिचा पाय नाई लागनार. फुटबॉल कणगीत हाय. यंदाचा धान आला का त्याच्यावरच टाकतो, म्हनजे नऊ महिने कोनी काढू म्हनलं तरी निंघनार नाई. धान खात खात जवा तो वर येईन तवा पाहू.

मी येक अट घालतो. दवाखान्यात तू पायजे. डॉक्टर बोलते ते तू आयक, कागदावर लिही अन मले मोठ्यानं वाचून दाखव, पुरं. तोकडं नाई.

दोन्ही चिठ्ठ्या डब्यात ठेवल्या. चुकीची खाली, बरोबर वर.

तुझी आई मांगून वढून राह्यली का मलेही सांगाचं हाय. घे आशाबाई, सांग.

मंजू, मी आई. त्या जोसीबाईले म्हना का आमच्या गावच्या मंडईच्या जत्रेले ये, नाटक पाय, रातभर बसाची तयारी ठेव. तिच्या मायले नमस्कार सांगजो. दोन पोरीचे दोन गुडघे, त्या बाईनं दिवस कसे काढले असन ते मले समजते. तू बारीक झाली असशीन. घरी आली का तुले मी पायतो.

तुझे आई-बाप

—

म्हापसा
रविवार, १९ ऑक्टोबर २०२५

तीर्थरूप बापूजी, आई आणि माझी चंचल,
दिवाळीचा नमस्कार आणि चंचलला गालगुच्चा. वि. वि.

तुमचं पत्र मी ऑफिसात उभ्यानं वाचलं आणि मग खानावळीपर्यंत धावत गेले. जोसिलेनेनं ते मावशीकडून ऐकलं, तुम्ही चिखलात पाय रोवून पाहिलात ती ओळ तिला पुन्हा ऐकायची होती. तिनं ती ओळ मारिल्दाला फोनवर सांगितली. पलीकडून मारिल्दा हसली. तिचा निरोप आहे की त्या म्हाताऱ्याला माझा नमस्कार सांगा. म्हातारा हा शब्द तिचा आहे, माझा नाही.

मंडईला येणं जोसिलेनेला जमणार नाही, सामने आहेत. तिनं चंचलसाठी गुडघ्याचा जुना पट्टा दिला आहे, पोर्तुगालमध्ये घालायची तो. धुऊन, घडी घालून माझ्या पिशवीत ठेवला. तो लगेच घालायचा नाही, आधी डॉक्टरांना दाखवायचा. त्यावर चिठ्ठी लावली आहे.

पुस्तिका छापायला गेली. त्यात तिची वर्षं आता बरोबर आहेत, तीनदा तपासली. ब्राझीलमधली पाच वर्षं तिथं तिच्याच नावावर आहेत. मारिल्दाचं नावही एका ओळीत घातलं आहे, जोसिलेनेला विचारून.

डॉक्टरांशी बोलून तारीख पक्की केली आणि ती त्यांच्याकडून परत वदवून घेतली. ऑपरेशन मंगळवारी, चार नोव्हेंबरला. आदल्या दिवशी भरती व्हायचं आहे. मला सुट्टी मिळाली आहे. शुक्रवारी, ३१ ऑक्टोबरला मी चंद्रपूरला उतरून मूलवरून येणाऱ्या लाल गाडीनं चामोर्शीला पोचते. स्टँडवर चंचलनं यायचं नाही, तिथं चढण आहे. शनिवारी मंडई. रविवारी मी कणगीची फळी बघणार, बापूजी खरंच बसतात का.

आणि सोमवारी, ३ नोव्हेंबर २०२५ रोजी, सकाळच्या पहिल्या गाडीनं मी चंचलला घेऊन नागपूरला निघते.

तुमची मंजुषा