उलट्या रेघेमागचा सयाजी

५ फेब्रुवारी २००१, सोमवार
कळंब्यात रुजू झालो. सांगलीत उभं आयुष्य विनोदी सदर लिहिलं, कोणी हसलं नाही. म्हणून या वयात कॉम्प्युटर शिकलो. मशीन निदान चूक झाली की तोंडावर सांगतं. ऑफिस माडीवर, खिडकीतून तळं दिसतं, मागं मालकांचा गोठा. मालक अमरेश तिशीतले, उत्साहानं फुगलेले. 'पावणं, आख्खं कोल्हापूर इंटरनेटवर चढवायचं हाय, पण आधी दूध घ्या की!' म्हणत त्यांनी तांब्याच पुढं केला. नको म्हणायची इथं सोय नाही. काम सोपं: एका बंद पडलेल्या साप्ताहिकाच्या जुन्या गुन्हेवार्ता वेबपानावर टाकायच्या. माझ्या विनोदापेक्षा रक्ताला वाचक जास्त, हे मला पटलेलंच आहे.

७ फेब्रुवारी, बुधवार
पवित्रा इथली एकमेव ऑपरेटर. निपाणीकडची; भांडते मराठीत, पुटपुटते कानडीत. तिनं जावास्क्रिप्टची मेख समजावली. दोन अवतरणचिन्हांच्या आत असतो तो मुका मजकूर, मशीन तो नुसता दाखवतं. चिन्ह संपलं की पुढचं सगळं हुकूम. आता आमच्या मराठी फाँटात अर्धा श नेमका त्याच चिन्हाच्या जागी बसवलाय. 'श्वास' लिहिला की मशीनला वाटतं, मजकूर संपला. म्हणून त्याच्याआधी बॅकस्लॅश द्यायचा. ती त्याला उलटी रेघ म्हणते. ओळीच्या शेवटीही एक रेघ, म्हणजे मजकूर खालच्या ओळीत चालू राहतो. थोडक्यात, मराठीत श्वास घ्यायलाही परवानगी लागते. मी हसलो. ती हसली नाही. म्हणाली, 'सर, रेघ इसरू नका. इसरली की आतलं भायेर येतंय.'

१२ फेब्रुवारी, सोमवार
चंदगडचा जुना खटला घेतला. सयाजी नावाच्या माणसानं कोयत्यानं भावाचं घर कापलं. आधी दारातल्या गड्याचं मनगट, मग गोठ्यातली म्हैस, मग जिन्याच्या पायाशी थोरला भाऊ, शेवटी माडीवरची पुतणी. बातमीदारानं एकेक घाव चवीनं लिहिलाय.
एका ठिकाणी रेघ राहिली. पान कोरं आलं. एवढ्यात खालून किंकाळी.
आमचे शिपाई गणपतराव चहा घेऊन उंबऱ्यात उभे होते. त्यांचं डावं मनगट खाली पडलं होतं, बोटं अजून किटलीच्या कडीत. काप असा साफ की आधी रक्तच नव्हतं. मग भिंतीपर्यंत उडालं. अमरेश सगळ्यांना सांगताहेत, शटर पडलं. शटर वरच होतं.

१३ फेब्रुवारी, मंगळवार
राहिलेल्या चिन्हापुढचं वाक्य वाचलं: 'डावं मनगट एका घावात तुटून उंबऱ्यावर पडलं.'
योगायोग म्हणावं, तर खात्री हवी. अख्ख्या खटल्यातलं सगळ्यात सौम्य वाक्य शोधलं, म्हशीचं. त्याच्याआधीची रेघ मुद्दाम काढली.
गोठ्यात कोणी नव्हतं. तरी म्हैस उभ्या उभ्या पोटापासून उघडली. आतडी गव्हाणीत. पाय मात्र बराच वेळ झाडत होती.
पवित्राला सांगितलं. तिनं मला कानडीत घातलेल्या शिव्या कळल्या नाहीत, पटल्या.

१५ फेब्रुवारी, गुरुवार
दोघांनी मिळून एकेक रेघ भरली. पुन्हा तपासली. माडीवर बसणारी मुलगी या ऑफिसात एकच आहे, हे ती बोलत नाही, मीही बोलत नाही. तिला गावी जा म्हटलं. उद्या वेबपानाचं उद्घाटन आहे, मालक सोडत नाहीत.

१६ फेब्रुवारी, शुक्रवार
अमरेशनी सकाळी फाईल उघडली. पाहुण्यांपुढं नको म्हणून 'ती तिरकी घाण' एका फटक्यात सगळीकडनं पुसली. केवढ्या अभिमानानं सांगितलं! 'पान कसं सोच्छ झालंय बघा की, पावणं.' नारळ फोडायला खाली गेले.
नारळ फुटल्याचा आवाज नाही आला. दुसराच आला — ओला.
जिन्यावरून डोकावलो. अमरेश शेवटच्या पायरीवर बसले होते, पोट दोन्ही हातांनी धरून, ते हातांत मावत नव्हतं. पाहुणे पळताहेत. त्यांच्यामधून एक माणूस सावकाश जिन्याकडं येतोय. धोतर गुडघ्यापर्यंत लाल.

दार लावलं. दाराला टेबल लावलं. पवित्रा माझ्यामागं —
मशीन बंद केलं. पावलं थांबली नाहीत. परत चालू केलं. रेघा भरतोय. एक भरली की पाऊल अडतं, मग पुन्हा — फाईल फार मोठी आहे.

दारावर घाव. फळीतून पातं आत आलं. पवित्राचा दंड — रक्त कीबोर्डवर, बटणं निसरडी —

ती म्हणते, सर, रेघा सोडा, तुम्ही लिहिता नव्हं, तुमचंच वाक्य घाला की चिन्हाभायेर. बरोबर. पहिल्याच चिन्हापुढं, उघडं. एकच वाक्य, सरळ, टोमणा नको. आजवर सरळ वाक्य लिहिलंय कुठं मी. आधी इथं डायरीत उतरवतो, मग तिथं फाईलीत —
सयाजीला घेरी आली — नको, घेरी येऊन पुन्हा उठेल —
सयाजी पवित्राला हात न लावता — खोटं, लागलाय —
बिजागरी गेली. ती ओरडतेय, लिहा सर, लिहा —
सयाजी कोयता खाली टाकून जिना उतरून निघून