मंजूच्या अंगावरचं पाणी

१२ जाने.
मंजूचा विमान चालवायला शिकण्याचा दुसरा महिना. सकाळचा कुंपणाचा कार्यक्रम ठरलेला: आमचे वडील, नाना, आणि मी, जाळीला नाक लावून. जळगावच्या धावपट्टीवर प्रवासी विमान कधीतरीच. बाकी दिवस या शिकाऊ पोरापोरींचा. उतरायचं, टेकवायचं, लगेच वर. नाना आवाजावरून सांगतात, "दख, मंजी शे ती!" निम्म्या वेळा दुसरंच कोणी असतं.
मीही बघते. धाकटी बहीण आहे माझी, कौतुक आहेच. पण...

२० जाने.
धुळ्याला वाचनालयात माझ्या पुस्तकावर कार्यक्रम. नानांना म्हटलं, चला. "गुडघा दुखस." जाळीपाशी दोन तास उभं राहताना दुखत नाही वाटतं? विचारलंच शेवटी. म्हणाले, "तुन्हं पुस्तक काय पळी जास का?"
एकटी गेले. पहिल्या रांगेत एक खुर्ची रिकामी होती, तिच्याकडेच बघून बोलत राहिले.

२ फेब्रु.
लिहून टाकते.
सात दहाला मंजूचा मेसेज. "ताई, आज सर एकटीला सोडणारेत. नानांना लगेच आण. पहिल्यांदा एकटं उतरलं की अंगावर बादलीभर पाणी ओततात, ते नानांनी ओतायचं. विचारून ठेवलंय."
वाचला. फोन पालथा ठेवला. कांदा उगाच बारीक चिरला, पोह्यांना फोडणी दिली. नाना पेपर वाचत होते. साडेआठला म्हणाले, "आज जानं नही का?" म्हटलं, जाऊ की.
पोचलो तेव्हा विमानांच्या शेडसमोर ओली फरशी, ओली मंजू, रिकामी बादली. पाणी तिच्या सरांनी ओतलं होतं. तिने आमची वाट पाहिली, पण दुसऱ्याला विमान हवं होतं, म्हणून उडावंच लागलं.
"ताई, काय झालं गं?"
मी बादली उचलून भिंतीशी ठेवली. नानाच म्हणाले, "रिक्षाच भेटनी नही." आणि धोतराच्या सोग्याने तिचे केस पुसू लागले.
रिक्षा आमच्या दारासमोरच उभी असते. आणि सात दहाला माझा फोन त्यांच्याच चहाच्या कपाशेजारी वाजला होता.

५ फेब्रु.
नाना काही विचारत नाहीत. जेवताना माझ्या ताटात वांग्याची फोड वाढली, एवढंच.

९ एप्रिल
आज मंजू एकटी धुळ्याला. तिथल्या पट्टीवर उतरून परत. नाना आलेच नाहीत. "तू जाय. मी घर थांबस."
"गुडघा?"
"नही. तू जाय."
वही घेऊन जाळीपाशी बसले आहे. दगड तापलाय. मंजूला आज सांगायचं असं ठरवून निघाले होते. मेसेज वेळेवर वाचला होता, रिक्षाही होती. ती रागावेल, रडेल, मग माफही करेल. तशीच आहे ती.
पण नाना आयुष्यात एकदाच माझी बाजू घेऊन खोटं बोलले. तिच्यासाठी कधी बोलावं लागलं नाही. ते एवढं एकच माझं एकटीचं आहे. सांगितलं तर तेही तिच्याबरोबर वाटून घ्यावं लागेल.
गेटवरचा माणूस म्हणाला, "निघाल्या धुळ्याहून."
पश्चिमेला अजून काही दिसत नाही. नाना इथे असते तर एव्हाना आवाज ऐकू आला असता त्यांना.