चूक माझ्या नावावर नोंदवून मिळण्याबाबत

प्रति,
मा. चौकशी अधिकारी,
संगणक विभाग, आरोग्य सेवा कार्यालय,
तिसरा मजला.

विषय : शस्त्रक्रियेच्या यादीतून तेवीस नावे गळाल्याबद्दल प्रोग्रामर बाईंना दिलेली सेवासमाप्तीची नोटीस मागे घेऊन सदर दोष खाली सही करणाऱ्या टेस्टरच्या नावे नोंदवण्याबाबत.

संदर्भ : १) आपल्या कार्यालयाची नोटीस, दि. २७ फेब्रुवारी. २) माझे यापूर्वीचे अर्ज, दि. १ व ५ मार्च (दोन्हींवर शेरा : 'नोंद घेतली').

महोदय,

१. मी आपल्या विभागात नऊ महिन्यांपासून कंत्राटी टेस्टर आहे. वय सदुसष्ट. त्यापूर्वी एकतीस वर्षे छापखान्यात मुद्रितशोधक होतो. ज्येष्ठांना डोळ्यांच्या शस्त्रक्रियेची वेळ घरबसल्या नोंदवता यावी, यासाठी आपला गट प्रणाली तयार करीत आहे. ज्यांच्यासाठी ती आहे त्यांच्या वयाचे कोणीतरी गटात असावे, म्हणून माझी निवड झाली. माझी दुसरी पात्रता नव्हती, हे नमूद करणे मी कर्तव्य समजतो.

२. गटाची पद्धत आपणांस ठाऊक असेलच. तरीही लिहितो, कारण माझा दोष तिच्याशिवाय कळणार नाही. छापखान्यात मजकूर माझ्याकडे सर्वांत शेवटी येई. लिहिणारा निराळा, जुळवणारा निराळा, आणि शेवटी कोपऱ्यातल्या दिव्याखाली मी. येथे तसे नाही. काम दोन-दोन आठवड्यांच्या फेऱ्यांत होते आणि टेस्टर पहिल्या दिवसापासून सर्वांबरोबर बसतो. त्याचे अर्धे काम झालेल्या गोष्टीतली चूक शोधण्याचे. उरलेले अर्धे, गोष्ट होण्याआधीच प्रश्न विचारण्याचे. रोज सकाळी पावणेदहाला आम्ही आठ जण फळ्यासमोर उभे राहतो आणि प्रत्येकाने काल काय केले, आज काय करणार, कुठे अडले, ते सांगायचे असते. नऊ महिन्यांत तिसऱ्या प्रश्नाला मी रोज 'कुठेही नाही' असे उत्तर दिले आहे. माणसे घाईत असतात आणि आपल्यासाठी त्यांना उभे करून ठेवणे मला जमत नाही.

३. माणूस ओळखण्यासाठी घरचा फोन नंबर आणि जन्मतारीख एवढे पुरेल, असे नोव्हेंबरच्या पहिल्या बैठकीत ठरत होते. तेव्हा प्रोग्रामर बाईंनी माझ्याकडे वळून विचारले, "काका, तुमच्या वयाच्या लोकांच्या नोंदीत काही वेगळं असतं का? आत्ताच सांगा हं, आम्हाला नाही कळत त्यातलं." आमच्या पिढीत अनेकांची खरी जन्मतारीख कोणालाच माहीत नाही. कागदोपत्री सर्रास एक जानेवारी लावलेली असते. माझीही तीच, पत्नीचीही तीच, आणि घरात फोन एक. हे मला त्या क्षणी आठवले होते. परंतु सात चेहरे माझ्याकडे वळलेले पाहून मी म्हणालो, "विशेष काही नाही." त्या "बरं" म्हणाल्या आणि त्यांनी तसेच लिहिले. त्यांनी विचारले होते, ही बाब नोटिशीत नाही.

४. यापुढची बाब अधिक गंभीर आहे. दिनांक १२ जानेवारी रोजी तपासणी करताना मी आधी माझे नाव नोंदवले, मग पत्नीचे. पत्नीचे नोंदले गेले आणि माझे यादीतून नाहीसे झाले. यंत्राचा दोष असेल, असे मला वाटलेच नाही. घरात मोबाईल बिघडला की पत्नी न बघताच म्हणते, "अहो, काय दाबलंत?" आणि बहुतेक वेळा मी काहीतरी दाबलेलेच असते. त्याच सवयीने मी वहीत लिहिले, 'बहुधा माझ्याकडून चुकीचे बटण.' पुन्हा करून पाहण्याइतका वेळ होता. परंतु पुन्हा चुकलो तर शेजारच्या टेबलावरून कोणीतरी शिकवायला येईल, या संकोचाने मी त्या कामाचे कार्ड फळ्यावरच्या 'झाले' या रकान्यात सरकवले.

५. फोन एक आणि जन्मतारीखही एकच असलेल्या तेवीस जोडप्यांचे नेमके तेच झाले. त्यांनी वेळ घेतली, निरोप मिळाला आणि ठरल्या दिवशी यादीत दोघांपैकी एकाचेच नाव निघाले. चौकशीसाठी मला दवाखान्यात पाठवले होते. तेथे खिडकीजवळच्या बाकावर एक वृद्ध शिंपी बसले होते. पत्नीचे नाव होते, त्यांचे नव्हते. कारकून म्हणाला, "आजोबा, नाव नाही तुमचं. नीट भरलं होतंत का?" ते म्हणाले, "माझंच काहीतरी राहिलं असेल. मला कुठं जमतंय हे." आणि पत्नीचा चष्मा सांभाळत, ती बाहेर येईपर्यंत बसून राहिले. माझ्याजवळ त्यांना सांगण्याचे एक वाक्य होते. ते मी तेथेही सांगितले नाही.

६. प्रोग्रामरकडून चूक होणे हे गृहीतच धरलेले आहे, म्हणून तर टेस्टर असतो. तरीही प्रणालीतल्या त्या बदलाखाली नाव त्यांचे असल्याने नोटीस त्यांना गेली. 'झाले' मध्ये कार्ड कोणी सरकवले, हे फळ्यावर दिसत नाही. मी गटप्रमुखांना सर्व सांगितले. ते म्हणाले, "काका, आपल्याकडे दर्जा ही सगळ्या टीमची जबाबदारी असते. टेस्टर एकटा जबाबदार नसतो." मग बाई एकट्या कशा, असे मला विचारायचे होते. विचारण्याआधीच त्यांचा फोन वाजला आणि मी बाहेर आलो.

७. त्यानंतर फेरीअखेरच्या आढावा बैठकीत मी हीच गोष्ट पिवळ्या चिठ्ठीवर लिहून फळ्याला चिकटवली. ती 'आपण काय शिकलो' या भागात लावण्यात आली आणि टाळ्या वाजवण्यात आल्या. टाळ्या थांबवण्याची कार्यपद्धती मला माहीत नाही.

८. नाइलाजाने दि. २ मार्च रोजी मी प्रणालीच्या दोषसूचीत रीतसर नोंद केली : 'टेस्टरला दोष दिसला होता, त्याने कळवला नाही.' नियमाप्रमाणे प्रत्येक दोष दुरुस्तीसाठी कोणाकडे तरी द्यावा लागतो. तो नोटीस मिळालेल्या बाईंकडेच देण्यात आला. त्यांनी दोन दिवसांत दुरुस्त केला. मूळ बिघाड तर त्यांनी आधीच काढला होता. आता भरलेले नाव कुठल्याही कारणाने दिसेनासे झाले, तर पडद्यावर मोठ्या अक्षरांत येते : 'ही चूक तुमची नाही. कृपया आम्हाला कळवा.' ही दुरुस्ती पुन्हा तपासणीसाठी माझ्याकडे आली.

९. मी ती सात वेळा तपासली. सातही वेळा ते वाक्य आले. तरी दहा दिवस मी ती 'योग्य' ठरवली नाही. कारण तसे ठरवताच माझा दोष 'सुटला' म्हणून कायमचा बंद होतो, आणि तो कोणाचा होता हे मग कोणी पाहत नाही. आपण दोष माझ्या नावे कराल तेव्हाच ती पुढे सरकवावी, असा माझा विचार होता. मी आयुष्यात प्रथमच काही अडवून धरले होते. परंतु एक नोंद उघडी असेपर्यंत सुधारलेली प्रणाली दवाखान्यात जात नाही, आणि ती गेल्याशिवाय त्या तेवीस जणांना नव्या तारखा मिळत नाहीत. गटप्रमुख रोज विचारतात, "काका, काही अडलंय का?" आणि मी रोज 'कुठेही नाही' म्हणतो. काल हे घरी सांगितले. पत्नी म्हणाली, "जन्मभर दुसऱ्याच्या चुकीचीसुद्धा माफी मागत आलात. आता खरीच तुमची आहे, तर तिच्यापायी त्या म्हाताऱ्यांना कशाला ताटकळत ठेवताय?"

१०. सबब, आज सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, आपल्या आदेशाची वाट न पाहता, मी ती दुरुस्ती 'योग्य' म्हणून पुढे पाठवली आहे. उद्या तारखांचे निरोप जातील. माझा दोष कार्यालयाच्या दप्तरी सुटला आहे. आपल्याला अडवून धरण्याजोगे आता माझ्या हातात काहीही नाही, हा अर्ज तेवढा आहे. सोमवारी नोटिशीवर निर्णय होण्यापूर्वी तो वाचावा आणि बाईंना कामावर ठेवावे. माझ्या कराराचे आपण योग्य ते करावे. त्याबाबत माझी हरकत नाही, आणि हे मी संकोचाने लिहीत नाही.

आपला नम्र आणि उशिरा बोललेला,

(सही)
टेस्टर, दुसरा गट
दि. १४ मार्च

सोबत :
१. तपासणीच्या वहीतील १२ जानेवारीचे पान, मूळ प्रत.
२. पिवळी चिठ्ठी.
३. या अर्जाला प्रोग्रामर बाईंनी घेतलेली लेखी हरकत, एक पान. चूक आपलीच होती आणि काकांना यात ओढू नये, असे त्यांनी लिहिले आहे. त्यांनी आग्रह धरला म्हणून जोडली आहे. ती ग्राह्य धरू नये.