दुसऱ्या रविवारची बैठक

११ जानेवारी २०१५, रविवार

मरणावर गप्पा! चहा आणि केक! खाली हॉलमध्ये, चार वाजता! हे फोनवरून वाचून दाखवत होते आणि मी पोळ्या लाटत होते. म्हटलं, परत वाचा. परत वाचलं. सी टॉवरमधल्या पूर्वीने सोसायटीतल्या मराठी घरांच्या ग्रुपवर पाठवलंय – मृत्यूबद्दल आपण घरात बोलत नाही, तर दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी भेटू आणि मोकळेपणाने बोलू. पोरगी कोथरूडची. वय चौतीस. नोएडाला कुठल्याशा कंपनीत माणसं नेमायचं काम करते. हिच्या घरात अजून चार आजी-आजोबा जिवंत आहेत, हिने मरण पाहिलंय कुठे?

मला वाटलं हे हसतील. हे चपला घालून गेले.

सव्वासहाला परत आले. कसं होतं, विचारलं. "बरं होतं." केक गाजराचा होता म्हणे. पुढे काही नाही. टीव्ही लावला.

१२ जानेवारी

शुभ बोल रे नाऱ्या, तर म्हणे मांडवाला आग लागली. आमच्या आईने हे जन्मभर आम्हाला ऐकवलं. घरात अभद्र बोलायचं नाही, वास्तू तथास्तु म्हणते. दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी दोन खोल्यांत आम्ही सव्वीस वर्षं काढली, पण यांच्या बायपासच्या दिवशीसुद्धा मी तो शब्द तोंडाने काढला नाही. आणि आता गाझियाबादच्या या कबुतरखान्यात, सातव्या मजल्यावर राहायला आलो, तर खाली केक खात मरण!

१८ जानेवारी, रविवार

हळदीकुंकू केलं. पूर्वीला बोलावलं नसतं तर चर्चा झाली असती, म्हणून बोलावलं. नेसली मात्र छान होती.

"काकू, तुम्हीपण या ना पुढच्या वेळी. काका किती छान बोलतात!"

काका बोलतात? आमच्या घरात काका "मीठ कमी आहे" एवढंच बोलतात. विचारलं, काय बोलतात? तर म्हणे, ते सांगता येणार नाही, खोलीतलं खोलीतच ठेवायचं असा आमचा नियम आहे. माझ्या घरात उभी राहून, माझं वाण हातात घेऊन, माझ्याच नवऱ्याचं मला सांगत नाही! मी तिच्या हातावर तिळगूळ ठेवला, गोड बोल म्हटलं आणि दुसरीकडे वळले. वाण स्टीलच्या गाळणीचं होतं. तिला द्यायला नको होती.

८ फेब्रुवारी, रविवार

गेले. काय चालतं ते बघायला मीही गेले, दुसरं काही नाही.

तळघरातला हॉल. टेबल टेनिसचं टेबल भिंतीला लावलेलं, खुर्च्या गोल. मी धरून दहा जण. पूर्वी म्हणाली, इथे कोणी कोणाला सल्ला देत नाही, फक्त ऐकायचं. मी म्हटलं, मग बोलायचं कशाला? कोणी हसलं नाही.

गुणवंत म्हणून एक आहेत, हवाई दलातून निवृत्त झालेले. बायको जाऊन दोन वर्षं झाली. तिची पर्स अजून खुंटीला आहे, उघडली नाही म्हणाले. एवढा मोठा माणूस, मिशा केवढ्या, आणि पर्सला घाबरतो. मी केक खाल्ला नाही.

मग हे बोलले. वीस मिनिटं! मी घड्याळ बघितलं. म्हणाले, "मी चौतीस वर्षं सरकारसाठी नकाशे काढले. शाळा काढल्या, दवाखाने काढले. त्यातलं अर्धं कधी बांधलंच गेलं नाही, कागद कपाटात गेले. आता शरीर तरी कपाटात जाऊ नये. मेडिकल कॉलेजला द्यायचं ठरवलंय. पोरं शिकतील."

आठ परक्या माणसांच्या बरोबरीने मी हे ऐकलं. अडतीस वर्षांची बायको मी, मला दहावी खुर्ची.

लिफ्टमध्ये विचारलं, मला का नाही सांगितलंत? म्हणाले, "तू ऐकलं असतंस?" लिफ्टमध्ये शेजारचे होते, मी सातचं बटण दाबलं.

१० फेब्रुवारी

मी सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त झाले ते उगाच नाही. सोसायटीच्या कमिटीला पत्र लिहिलं. शुद्ध सरकारी हिंदी – विषय, संदर्भ, वातावरणावर प्रतिकूल परिणाम, वृद्ध रहिवाशांचं मनोबल, उचित कार्यवाही. दीड पान. सेक्रेटरी त्यागीजी वाचता वाचता मान डोलवायला लागले. "बिल्कुल सही कहा आपने, माताजी. ऐसी मनहूस बातें सोसायटी में! कल को फ्लैट कौन लेगा?"

यांना सांगितलं नाही.

१६ फेब्रुवारी

हॉल बंद! नोटीस लागली. धार्मिक, सांस्कृतिक व विवाहविषयक कार्यक्रमांखेरीज हॉल मिळणार नाही. लिफ्टजवळ उभं राहून दोनदा वाचली. मसुदा माझाच, दोन चुका त्यांच्या.

१७ फेब्रुवारी

पूर्वी आता स्वतःच्या घरी भरवणार आहे. बैठकीच्या खोलीत चौदा माणसं बसतात म्हणे. हे तिला तीन खुर्च्या नेऊन देणार आहेत. माझ्या खुर्च्या.

१ मार्च, रविवार

फॉर्म आणला. जेवण झाल्यावर ताटं उचलायच्या आधी टेबलावर ठेवला. खाली दोन सह्या लागतात, एक जवळच्या नातेवाइकाची, एक दुसऱ्या साक्षीदाराची. दुसऱ्या जागी पूर्वीने आधीच करून दिलीय. ठसठशीत सही, खाली रेघ ओढलेली.

मी नाही म्हटलं. मग सगळंच बोलले. म्हटलं, अग्नी नाही, अस्थी नाहीत, दहावा नाही, तेरावा नाही, मी कशाकडे बघून रडायचं? विशीतली पोरं तुम्हाला टेबलावर ठेवून हसतील, फोटो काढतील. तुमच्या छातीवर तो बायपासचा व्रण आहे, तो मी पुसलाय महिनाभर, त्याला आता कोण कोण हात लावणार? आणि त्या बाईला विचारून ठरवलंत!

ते म्हणाले, "माझं आहे ना ग ते?"

नाही म्हटलं. नुसतं तुमचं नाही.

६ मार्च, धुळवड

पुरणपोळी केली. यांनी दोन खाल्ल्या. बोलले नाहीत. आज सहावा दिवस.

८ मार्च, रविवार

बैठकीला गेले. तिथे बोलत असतील.

९ मार्च

सही केली.

ऑफिसात एक गोष्ट शिकले होते. नाही म्हणणारा मूर्ख असतो. नाही म्हटलं की वर तक्रार जाते. हो म्हणायचं, सही करायची, शिक्का मारायचा आणि फाइलवर बसायचं. तो फॉर्म मी नीट वाचला. त्यात स्वच्छ लिहिलंय, मृत्यूनंतर नातेवाइकांनी कॉलेजला फोन करून कळवायचं. कॉलेज आपणहून येत नाही. म्हणजे शेवटी फाइल माझ्याच टेबलावर येणार. मग सही करायला काय जातंय?

डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. संध्याकाळी मला बाजारात गोलगप्पे खायला घेऊन गेले! आम्ही दोघंच असं बाहेर जाऊन सहा वर्षं तरी झाली असतील. त्यांना तिखट सोसत नाही, तरी सहा खाल्ले. म्हणाले, प्रसन्नला तूच सांग, आईचं तो ऐकतो. सांगते म्हटलं.

२६ मार्च

कॉलेजचं कार्ड आलं. वर यांचं नाव, खाली फोन नंबर, रात्रंदिवस चालू. गोदरेजच्या कपाटात, लग्नातल्या शालूखाली ठेवलं. यांनी विचारलं, प्रसन्नला सांगितलंस का? म्हटलं, सांगितलं, बघू म्हणाला.

प्रसन्न गुडगावला असतो. आईला फोन करतो तोही गाडी चालवताना. त्याला मी काही सांगितलेलं नाही.

१२ एप्रिल, रविवार

हे पूर्वीच्या बैठकीहून आले ते खुशीत. आज नारळाची वडी होती. चपला काढता काढता म्हणाले, "आज तुझं कौतुक केलं मी. म्हटलं, आमची कुमुदिनी जिभेची तिखट आहे, पण शब्दाची पक्की. गुणवंत म्हणाले, नशीबवान आहात."

मी आमटी ढवळत होते. ढवळतच राहिले. खाली लागली.

२१ एप्रिल, मंगळवार

काल हे गेले. सकाळी पावणेसातला, दाढी करताना. आवाज आला म्हणून धावले तर खाली पडलेले, अर्ध्या गालाला साबण. खालच्या मजल्यावरचे डॉक्टर येऊन गेले. काही उरलं नव्हतं.

साबण पुसला. मग गोदरेज उघडलं, कार्ड काढलं, फोन हातात घेतला. हे खरं लिहितेय. नंबरचे पहिले चार आकडे दाबले. मग पलंगावर त्यांच्या पायाशी बसले. पाय अजून ऊन होते. टाचांना भेगा, मी रोज ओरडायचे मलम लावा म्हणून. हे पाय मी कुणाला देऊ? फोन ठेवला. कार्ड शालूखाली ठेवलं आणि प्रसन्नला फोन केला.

तो दोन तासांत आला. यांचे धाकटे भाऊ राजाभाऊ दुपारच्या विमानाने पुण्याहून आले. प्रसन्नने विचारलं, "आई, बाबांनी काही लिहून ठेवलंय का? काही इच्छा?"

नाही म्हटलं.

घर माणसांनी भरलेलं होतं. पूर्वी आली. माझ्याजवळ बसली, हात हातात घेतला. मी सोडवला नाही, बळ नव्हतं. कानाशी येऊन म्हणाली, "काकू, कॉलेजला फोन…?"

केला, म्हटलं. नको म्हणाले. जागा नाहीये त्यांच्याकडे.

तिने माझ्याकडे बघितलं. प्रसन्न चार हातांवर उभा होता. एक वाक्य, आणि तिने मला सगळ्यांसमोर उघडं पाडलं असतं. म्हणाली, "बरं." आणि उठून सगळ्यांसाठी चहा टाकायला आत गेली. माझ्या स्वयंपाकघरात, विचारल्याशिवाय. मला तिचा इतका राग कधी आला नव्हता.

संध्याकाळी हिंडन नदीच्या घाटावर अग्नी दिला. सगळं विधिवत झालं. माझ्या मनासारखं झालं.

२५ एप्रिल, शनिवार

दुपारच्या आत भूकंप झाला. नेपाळात मोठा, इथे हादरे. पंखा झुलायला लागला, भांडी वाजली. सगळी सोसायटी जिन्याने खाली धावली. प्रसन्न ओरडत होता, आई, ऊठ. मी उठले नाही. बसून राहिले.

२९ एप्रिल, बुधवार

दहावा. बायका जात नाहीत, मी गेले. पूर्वीच्या गाडीतून गेले, दुसरी गाडी नव्हती.

पिंड मांडले. कावळा आला. कठड्यावर बसला, पिंडाकडे बघत राहिला, शिवला नाही. गुरुजी म्हणाले, काही इच्छा राहिली असेल तर कबूल करा. प्रसन्न हात जोडून म्हणाला, बाबा, आईला एकटं नाही ठेवणार. कावळा हलला नाही. राजाभाऊ म्हणाले, दादा, गावच्या घराचा वाद मिटवतो. नाही. गुणवंतांनी हात जोडले, काय बोलले ऐकू आलं नाही. नाही. पाऊण तास ऊन डोक्यावर.

मग सगळे माझ्याकडे वळले. राजाभाऊ म्हणाले, "वहिनी, तुम्हाला काही माहीत असेल तर सांगा त्याला." पूर्वी मागे उभी होती. तिने मान खाली घातली.

गुरुजींनी शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. झालं, म्हणाले.

मी काही बोलले नाही.