सगळं बजेट स्काऊटवर

देवळी, गुरुवार

तीर्थस्वरूप बापूमामांस, ज्ञानेश्वरचा साष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा आता पायऱ्या चढू देतो, हे आईकडून कळलं. वांग्यांना अळी लागली, हेही कळलं. (मी कृषी केंद्रात कामाला, त्यामुळे वांग्यांचं औषध पाठवू शकतो, गुडघ्याचं मात्र डॉक्टरांनाच विचारा.) फोनच करणार होतो, पण तुमचा फोन सदा मामींच्या हातात, आणि तक्रार मामींविरुद्धच आहे.

मोबाईलवर कबड्डीच्या टीमचा मॅनेजर व्हायचा एक गेम आहे. आपण खेळायचं काहीच नाही, नुसता कारभार पाहायचा. 'देवळी दणका' ही टीम माझी आणि दीपमालेची, अर्धी-अर्धी. हंगामाला गेममधली एक लाख नाणी मिळतात. तिने, म्हणजे तुमच्या सूनबाईंनी, वाटणी ठरवली: वीस हजार स्काऊटला, म्हणजे गावोगाव फिरून नवे खेळाडू हुडकणाऱ्या माणसाला, बाकी कोचला आणि पगाराला. मग ती दोन दिवस पुलगावला माहेरी गेली आणि मी स्काऊटला ऐंशी हजार देऊन टाकले. मला वाटलं, हिरा सापडल्यावर कोच हवाच कशाला?

स्काऊटचा पहिला अहवाल आला: 'मुलगा उंच आहे. कबड्डी आवडत नाही.' दुसरा: 'दम भरपूर. दिशा कळत नाही.' तिसऱ्यात खेळाडू नव्हताच, नुसता प्रवासखर्च होता. चौथ्यात मात्र लहानू सापडला. वय सतरा, चढाईला शंभरापैकी सत्त्याण्णव. त्या आनंदात मी दुकानात वासुदेवरावांना सोयाबीनच्या बियाण्याऐवजी फवारणीचा पंप दिला (भला माणूस, घेऊनही गेला). पण लहानूला पगार हवा बारा हजार, आणि जुन्या खेळाडूंचे देऊन तिजोरीत उरलेले नऊ. मी दोन म्हातारे पकडपटू विकायला काढेपर्यंत 'रोहणा राणी' नावाच्या टीमने लहानूला उचललं.

मी संतापून त्या मॅनेजरला लिहिलं, की खर्च माझा आणि खेळाडू तू नेतोस, लाज नाही वाटत?

उत्तर आलं, "ज्ञानेश्वर, जेवला का रे? मी कुंतामामी."

मी विचारलं, मामी, तुमचा स्काऊट कोण?

"स्काऊट कायले पाहिजे? तुह्या स्काऊटवर नजर ठेवली का झालं."

दीपमाला परत आली, तिने तिजोरी पाहिली आणि पाणी पिऊन म्हणाली, "रविवारी मामीच्या टीमशी मॅच आहे. हरलो तर आपण खालच्या गटात जातो, अन् मंग वर्षभर पोया तुम्ही लाटसान." आवाज अजिबात चढवला नाही, म्हणून जास्त भीती वाटली.

घरच्या थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, मामींना सध्या काहीच नाही.

तुमचा भाचा,
ज्ञानेश्वर

ता. क. रविवारी चार ते पाच मामींना आर्वीच्या बाजारात न्याल का? मॅनेजर हजर नसला की गेम मनाला येईल तशी टीम उतरवतो, आणि लहानू बाहेर बसेल अशी आशा आहे. औषधाचे पैसे नकोत.

ता. क. २ पत्र आणि औषध दीपमाला स्वतः घेऊन येते आहे. मी नको म्हणालो होतो. पाकीट नीट चिकटवलं आहे.

ता. क. ३ मामाजी, पाकीट नीट चिकटलं नव्हतं. मी कालच माझा हिस्सा काढून मामीच्या टीममध्ये टाकला. रविवारी त्याईले घरीच राहू देजा. औषध बरोबर आहे, सकाळी फवारजा. — दीपमाला